बातमीतील मुस्लिम स्त्री आणि तिची पोटगी

वृत्तपत्रात मुस्लिम स्त्रीची बातमी केव्हा येते? तलाक झाला की येते, बुरख्यावरून वाद झाला की येते, कुणी फतवा काढला की येते. एरवी ती शाळेत शिकविते, दवाखान्यात रात्रपाळी करते, विड्या वळते, शिलाई मशीन चालविते, ग्रामपंचायतीत निवडून येते, मुलांच्या फीसाठी भिशी लावते. पण त्याची बातमी होत नाही. ही तक्रार आपल्या समाजात नेहमी ऐकू येते आणि ती खरीही आहे. परंतु बहुतेक वेळा ती 'आमची प्रतिमा मलिन केली जाते' या एका वाक्यापाशी येऊन थांबते. प्रतिमेचा प्रश्न हा मानाचा प्रश्न आहे, असे समजून आपण तो सोडून देतो.

प्रस्तुत लेखात थोडा वेगळा मुद्दा मांडावयाचा आहे. अपुऱ्या आणि एकारलेल्या बातमीमुळे प्रतिमेचे जे व्हायचे ते होतेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, त्या स्त्रीला स्वत:चा हक्कच कळत नाही. गेल्या चाळीस वर्षांत मुस्लिम स्त्रीच्या पोटगीवर जेवढे छापले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या कौटुंबिक प्रश्नावर छापले गेले असेल. तरीही तलाक मिळालेल्या स्त्रीला पोटगी मिळते की नाही, असे आपल्या वस्तीत विचारून पाहावे. 'तीन महिने मिळते, पुढे काही नाही', हेच उत्तर बहुधा ऐकू येईल. हे उत्तर चुकीचे आहे. ते लोकांच्या मनात कसे पक्के झाले, हे तपासले पाहिजे.

इंदूरची वृद्धा आणि दिल्लीची चर्चा

शाहबानो प्रकरण सर्वांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माहीत असते ते नाव आणि वाद. खटला माहीत नसतो. शाहबानो या इंदूरच्या. १९३२ साली त्यांचा विवाह झाला, पती वकील होते. ४३ वर्षांच्या संसारानंतर १९७५ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली. अर्ज प्रलंबित असताना नोव्हेंबर १९७८ मध्ये पतीने तलाक दिला. खालच्या न्यायालयाने १९७९ साली दरमहा २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० साली ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तलाक मिळालेल्या मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी मिळण्याची ही पहिली वेळ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली बाई ताहिरा खटल्यात आणि १९८० साली फुजलुन्बी खटल्यात तेच म्हटले होते. दोन्ही निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे. तेव्हा देशभर मोर्चे निघाले नाहीत. कायदा तोच, प्रश्न तोच, निकालाची दिशाही तीच. मग १९८५ सालीच वादळ का उठले? निकालपत्रात शरीअतच्या अर्थाविषयी आणि समान नागरी कायद्याविषयी केलेली भाष्ये हे एक कारण होय. दुसरे कारण माध्यमांचे. एका वृद्ध स्त्रीची १७९ रुपयांची मागणी बाजूला पडली आणि 'इस्लाम विरुद्ध आधुनिकता' असा सामना रंगविला गेला. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि उर्दू अशा सर्व भाषांतील पत्रांनी आपापला पक्ष घेतला. एका बाजूला मौलवी, दुसऱ्या बाजूला सुधारक, मध्ये राजकारणी. सत्तरीच्या आसपासची ती स्त्री काय खात होती आणि महिना कसा काढत होती, हा प्रश्न कुणालाच बातमीच्या योग्यतेचा वाटला नाही.

नोव्हेंबर १९८५ मध्ये शाहबानो यांच्या अंगठ्याचे एक जाहीर पत्र उर्दू दैनिकात प्रसिद्ध झाले. आपण हा निकाल नाकारतो, असे त्यात होते. उर्दू पत्रांनी त्याला विजय म्हटले. इतरांनी त्याला दडपशाही म्हटले. त्या पत्रामागे किती दबाव होता आणि किती स्वत:ची इच्छा, हे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यापाशी बसून, धीराने ऐकणारा वार्ताहर हवा होता. तसे ऐकण्यापेक्षा त्या पत्राचा उपयोग करणे दोन्ही बाजूंना सोयीचे होते. १९९२ साली त्या वारल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या खटल्यावरून प्रेरणा घेतलेला 'हक' हा चित्रपट आला, तेव्हा कुटुंबातूनच त्याविरुद्ध इंदूरच्या उच्च न्यायालयात याचिका गेली आणि ती फेटाळली गेली. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही ते नाव पुन्हा पडद्यावर येते.

दोन्ही बाजूंनी सांगितलेली एकच अपुरी गोष्ट

१९८६ साली 'मुस्लिम महिला (तलाकनंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा' झाला. याच ठिकाणी माध्यमांची सर्वांत मोठी चूक घडली. सुधारणावादी पत्रांनी लिहिले की, मुस्लिम स्त्रीची पोटगी गेली. परंपरावादी पत्रांनी लिहिले की, इद्दतनंतर पतीची जबाबदारी संपली, शरीअत वाचली. एकाने शोक केला, दुसऱ्याने मिठाई वाटली. परंतु दोघांनी वाचकाला सांगितले ते एकच. कायद्याचे कलम ३ मात्र कुणी नीट वाचून दाखविले नाही.

त्या कलमात असे आहे की, पतीने इद्दतच्या काळात स्त्रीसाठी 'वाजवी व न्याय्य तरतूद' आणि 'निर्वाह' या दोन्ही गोष्टी द्याव्यात. शिवाय मेहर, आणि विवाहात मिळालेली तिची चीजवस्तू परत करावी. तरतूद वेगळी आणि निर्वाह वेगळा. इद्दतमध्ये द्यावयाचे म्हणजे इद्दतपुरतेच द्यावयाचे नव्हे. पुढील आयुष्याची सोय त्या मुदतीत करून द्यावयाची, असा अर्थ त्या शब्दांतून निघतो. गुजरात उच्च न्यायालयाने १९८८ सालीच हा अर्थ लावला. १९९० साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने उलट अर्थ लावला, म्हणून संभ्रम राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००० साली स्त्रीच्या बाजूचा अर्थ मान्य केला. शेवटी २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दानियाल लतीफी खटल्यात कायदा वैध ठरविला आणि त्याचबरोबर स्पष्ट केले की, ही तरतूद इद्दतच्या पलीकडच्या आयुष्याचा विचार करूनच केली पाहिजे. हे दानियाल लतीफी म्हणजे शाहबानो यांच्या बाजूने लढलेले वकील.

पुढच्याच वर्षी दोन महत्त्वाचे निकाल आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्ण पीठाने २००२ साली सांगितले की, 'मी तलाक दिला' असे पतीने नुसते म्हणून भागत नाही. वाजवी कारण होते, दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला होता, हे त्याने न्यायालयात सिद्ध केले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तीच भूमिका घेतली. मध्यस्थांची ही पायरी कुराण शरीफमध्येच सांगितलेली आहे. म्हणजे न्यायालय येथे शरीअतविरुद्ध बोलत नव्हते. शरीअतमधील जी पायरी आपल्या समाजातील पुरुष गाळत होते, तीच परत आणत होते.

आता वाचकांनी स्वत:ला विचारावे की, यांपैकी किती निकाल आपल्याला त्या त्या वेळी वृत्तपत्रातून समजले? ते मुळीच छापले गेले नाहीत असे नव्हे. आतल्या पानावर, कायदेविषयक सदरात, इंग्रजी पत्रांत ते आले. परंतु १९८५-८६ मध्ये जो ठसा उमटविला होता, तो पुसण्याइतक्या मोठ्या अक्षरांत ते कुठेही आले नाहीत. हरलेली मुस्लिम स्त्री पहिल्या पानावर आली आणि जिंकलेली मुस्लिम स्त्री आत गेली. याला कुणाचा कट म्हणण्याचे कारण नाही. मौलवी, मोर्चा, बुरखा आणि रडणारी बाई यांची बातमी तयार असते. कलम, मुदत आणि रक्कम यांची बातमी करावी लागते. त्यासाठी वाचावे लागते.

१० जुलै २०२४ रोजी याचा पुन्हा प्रत्यय आला. तेलंगणातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना व न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने सांगितले की, १९८६ चा कायदा असला तरी तलाक मिळालेली मुस्लिम स्त्री कलम १२५ खालीही दाद मागू शकते. दोन्ही मार्ग तिला खुले आहेत. निकाल महत्त्वाचाच आहे. परंतु अनेक ठिकाणी बातमीचा सूर असा होता की, जणू मुस्लिम स्त्रीला पोटगी आज पहिल्यांदाच मिळाली. दर पंधरा-वीस वर्षांनी तोच हक्क तिला 'ऐतिहासिक' म्हणून नव्याने दिला जातो, याचा अर्थ मधल्या काळात तो तिच्यापर्यंत पोचविण्याचे काम कुणी केलेले नसते.

नुकसान कुणाचे झाले? ज्या स्त्रीने १९९० साली किंवा २००५ साली 'आपल्यात पोटगी नाही' असे समजून वकिलाकडे जाण्याचेच टाळले, भावाच्या घरी एका कोपऱ्यात राहिली, मुलांना शाळेतून काढून कामाला लावले, तिचे. माध्यमांच्या समीक्षेत अशा स्त्रीचा हिशेब कधीच धरला जात नाही.

स्टुडिओतील पंचायत

पोटगीचा प्रश्न निदान न्यायालयात गेला होता. चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्या आल्यावर न्यायनिवाडाही स्टुडिओत होऊ लागला. २००४ सालचे एक उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. कारगिलच्या लढाईत बेपत्ता झालेला एक जवान पाकिस्तानच्या तुरुंगातून ऑगस्ट २००४ मध्ये परत आला. मधल्या काळात त्याच्या पत्नीचा दुसरा विवाह झाला होता आणि ती गरोदर होती. एका वाहिनीने दोन्ही पती, नातेवाईक, गावकरी आणि धार्मिक जाणकार यांना बोलावून कॅमेऱ्यासमोर पंचायत बसविली. तिने कुणाबरोबर राहावे, याची चर्चा तिच्यादेखत देशाने पाहिली. ती पहिल्या पतीकडे गेली. जानेवारी २००६ मध्ये ती वारली, तेव्हा ती तिशीच्याही आत होती. तिच्या मनाची आणि प्रकृतीची त्या दीड वर्षात काय स्थिती होती, याचा पाठपुरावा करण्यास मात्र त्या उत्साहाच्या मानाने फारच थोडे कॅमेरे उरले.

२००५ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका स्त्रीवर सासऱ्याने अत्याचार केला. अशा स्त्रीची ओळख उघड करण्यावर कायद्याने बंधने आहेत, तरी तिचे नाव घराघरांत पोचले. येथे ते मुद्दाम लिहिलेले नाही. गुन्हा सरळ होता; पण गावच्या पंचायतीने आणि नंतर फतव्याने तिचा पतीशी असलेला विवाहच संपला असे सांगितले आणि बातमीचा विषय बदलला. आरोपी, तपास, वैद्यकीय अहवाल हे सगळे मागे पडून आठवडेच्या आठवडे फतव्यावर वाद झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यायालयाने सासऱ्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. फतवा ज्यांना आठवतो त्यांतील किती जणांना ही शिक्षा आठवते? ज्यांनी फतवा दिला त्यांनी पीडितेलाच शिक्षा केली, हे आपण स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण माध्यमांनी गुन्हेगाराला जवळजवळ अदृश्य केले, हेही म्हटले पाहिजे.

त्याच २००५ साली सानिया मिर्झा यांचे नाव पुढे आले. फेब्रुवारीत हैदराबादच्या स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळविले. महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेत असे यश मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. सप्टेंबरमध्ये एका धर्मगुरूने त्यांच्या खेळाच्या पोशाखावर आक्षेप घेतला. मुस्लिम समाजात त्याला फारसे महत्त्व नव्हते, परंतु वाहिन्यांनी ते इतके दिले की, पुढची काही वर्षे त्यांना फोरहँडपेक्षा स्कर्टविषयीच जास्त विचारले गेले. २०२३ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा दुहेरी व मिश्र दुहेरीची मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. एका धर्मगुरूचे वाक्य आणि सहा विजेतेपदे यांना सारखे वजन देणे याला निःपक्षपातीपणा म्हणता येणार नाही.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान दिसते. पडद्यावर स्त्री असते, बोलतात मात्र इतर. एका खिडकीत दाढीवाला, दुसऱ्या खिडकीत त्याचा विरोधक आणि मध्ये तिचे हलते छायाचित्र. दाढीवाला कुणाचा प्रतिनिधी आहे, हे विचारले जात नाही. जो अधिक टोकाचे बोलेल त्याला पुन्हा बोलावणे येते.

एकच छायाचित्र

बातमी कशाचीही असो, सोबतचे छायाचित्र ठरलेले असते. काळ्या बुरख्यातील दोन-तीन स्त्रिया, पाठमोऱ्या किंवा फक्त डोळे दिसणाऱ्या. साक्षरतेची बातमी, मतदानाची बातमी, लोकसंख्येची बातमी, छायाचित्र तेच. बुरखा घालणारी स्त्री खरीच आहे, तिला लपविण्याचे कारण नाही. पण कोकणातील साडी नेसणारी, गोव्यात नोकरीला जाणारी, मराठवाड्यातील शेतात खुरपणारी मुस्लिम स्त्रीही तितकीच खरी आहे. मराठी वाचकाला तिची ओळख करून द्यायला मराठी वृत्तपत्राला दिल्लीच्या वृत्तसंस्थेकडून छायाचित्र मागवावे लागते, ही गोष्ट खेदाची आहे.

आकडेवारीचेही तसेच. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी केवळ ३ ते ४ टक्के मुले मदरशात शिकतात, असे त्यात दिसून आले. तरीही मुस्लिम शिक्षणाची बातमी म्हटली की मदरशाचे चित्र येते. २००१ च्या जनगणनेत मुस्लिम स्त्रियांची साक्षरता ५०.१ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ६२ टक्के झाली. दहा वर्षांतील ही वाढ आपोआप झाली नाही. त्यामागे हजारो आयांचा हट्ट आहे, रिक्षाचे भाडे आहे, शिक्षिकांची मेहनत आहे. असा हट्ट नजरेस भरत नाही म्हणून तो बातमीत येत नाही.

काम करणाऱ्या स्त्रीकडे कामाच्या नजरेने पाहता येते, याचे उदाहरण आपल्या सीमाभागातच आहे. निपाणीच्या तंबाखू वखारींतील कामगार स्त्रियांवर दीपा धनराज व 'युगांतर' गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्यात स्त्रिया आपले काम, मजुरी आणि संघटना यांविषयी स्वत: बोलतात. स्त्रीची ओळख तिच्या श्रमातून होते. अशी नजर रोजच्या बातमीला का लाभू नये?

त्याच कर्नाटकात २०२२ साली याच्या अगदी उलट दृश्य दिसले. उडुपीच्या सरकारी महाविद्यालयात हिजाबावरून सुरू झालेला वाद राज्यभर पसरला. फेब्रुवारीत महाविद्यालयांच्या फाटकांवर कॅमेरे उभे राहिले. शाळकरी मुली आणि शिक्षिका फाटकाशीच हिजाब-बुरखा उतरवीत असताना त्यांचे चित्रण झाले. १५ मार्च २०२२ रोजी उच्च न्यायालयाने शासनाची बाजू उचलून धरली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला. हिजाबाविषयी वाचकांची मते भिन्न असू शकतात. परंतु अल्पवयीन मुलगी डोक्यावरचा रुमाल सोडत असताना तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरणे, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. त्या मुलींनी परीक्षा दिली का, कोणत्या महाविद्यालयात गेल्या, कितीजणी घरी बसल्या, हा शिक्षणाचा प्रश्न होता आणि शैक्षणिक संस्था म्हणून तो आपला प्रश्न आहे. न्यायमूर्ती धुलिया यांनी आपल्या निकालात मुलींच्या शिक्षणाचाच मुद्दा मुख्य मानला. वाहिन्यांना मात्र फाटक हवे होते, वर्ग नको होता.

स्त्रीची प्रतिमा तिच्यापासून तोडली की ती कुठवर जाते, हे जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दिसले. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे चोरून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन अॅप एकामागून एक निघाली. त्यांत पत्रकार स्त्रियाही होत्या. जी गप्प बसते तिच्यावर दया दाखवायची आणि जी बोलते तिचा बाजार मांडायचा, असा हा प्रकार होता.

आपल्या घरातला आरसा

इतरांना नावे ठेवणे सोपे आहे. आपली स्वत:ची पत्रे, मासिके, सभांचे वृत्तांत यांत काय दिसते? तेथेही स्त्री 'कौमची इज्जत' म्हणून येते. तिच्या लिबासावर लेख असतात, तिच्या वारशाच्या हिश्श्यावर नसतात. कुराण शरीफने मुलीला दिलेला हिस्सा किती घरांत प्रत्यक्ष दिला जातो, यावर आपल्या नियतकालिकांनी कधी पाहणी केली आहे काय? मेहर उधार ठेवून ती कधीच न देण्याची चाल आपल्यात रूढ आहे, ती बातमी नाही काय?

१९८२ साली जळगाव शहरात मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये अशी बंदी घालण्यात आली. रझिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध उभे राहण्याचे धाडस केले. पुरुषांच्या सिनेमाला कुणी हरकत घेतली नव्हती. तेव्हा आपल्यातील किती लोकांनी तिची बाजू छापली? त्याआधी १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. दलवाईंची सर्व मते पटलीच पाहिजेत असे नाही. परंतु त्या सात जणींच्या संसारात काय घडले होते ते ऐकून घेण्याऐवजी त्यांच्या मागे कोण आहे, याचीच चौकशी आपण करीत बसलो. ज्या तत्काळ तीन तलाकाला सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविले, त्याच्या झळा सोसलेल्या स्त्रिया त्याआधी पन्नास वर्षे सांगत होत्या. आपण वेळेवर ऐकले असते तर इतरांना आपल्या घरात येऊन बोलण्याचे निमित्त मिळाले नसते. म्हणूनच माध्यमांवरील टीका ही आपल्यातील अन्यायाची ढाल होता कामा नये.

आणि आपली परंपरा अशी मुकी नव्हती. १८९८ साली लाहोरहून 'तहजीब-ए-निसवाँ' हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले, त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या. जंजिऱ्याच्या नवाब घराण्याशी नाते असलेल्या अतिया फैजी यांनी १९०६-०७ मध्ये विलायतेत शिकत असताना लिहिलेली रोजनिशी त्यातच क्रमश: प्रसिद्ध झाली. १९०४ साली अलीगढहून शेख अब्दुल्ला यांनी 'खातून' मासिक काढले आणि दोन वर्षांनी मुलींची शाळा सुरू केली. हैदराबादेत सुगरा हुमायूँ मिर्झा यांनी 'अन्-निसा' चालविले. या पत्रांत धर्मनिष्ठाही होती आणि शिक्षण, आरोग्य, घरखर्च, कायदा यांची माहितीही होती. वाचणारी स्त्री ही त्यांची ग्राहक होती. सव्वाशे वर्षांपूर्वी मुस्लिम स्त्री संपादक होती. आज आपल्या किती नियतकालिकांच्या संपादक मंडळात ती आहे?

बातमीत काय असावे

शेवटी व्यवहाराचे बोलू. मुस्लिम स्त्रीविषयी न्यायालयाचा निकाल आला तर त्या बातमीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणते कलम, कुठे अर्ज करावयाचा, किती मुदतीत निर्णय अपेक्षित आहे आणि वकिलासाठी पैसे नसतील तर काय करावे. आपल्या पत्रिकेपासूनच आरंभ करावा म्हणून ही माहिती येथे देतो. कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. तलाक झालेला नसला, पतीने नुसते टाकून दिलेले असले, तरी पत्नीला त्याखाली पोटगी मागता येते. पोटगीवरची ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ सालीच रद्द झाली आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निर्णय, पतीला नोटीस पोचल्यापासून, शक्यतो साठ दिवसांत द्यावयाचा असतो. तलाकनंतर १९८६ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जाचा निकाल एक महिन्यात अपेक्षित आहे. उशीर झाल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

एवढा एक परिच्छेद १९८६ पासून दरवर्षी एकदा प्रत्येक मराठी आणि उर्दू पत्राने छापला असता, तर कितीतरी घरांत चूल विझली नसती. आपल्या संस्थेच्या शाळांत मुलींकडून भित्तिपत्रक काढून घेतले जाते. त्यात सुविचार आणि थोर पुरुषांची चित्रे असतात. त्याच फळ्यावर हा परिच्छेद उर्दूत आणि मराठीत लावावा. मुली तो घरी जाऊन आईला, खालाला, शेजारणीला वाचून दाखवतील. 'इक्रा', म्हणजे वाच, ही आपल्याला मिळालेली पहिलीच आज्ञा आहे. मोठी वृत्तपत्रे बदलतील तेव्हा बदलतील. आपला फळा तर आपल्या हातात आहे.